पावसाळी भटकंतीत कॅमेरा भिजला, फोटो बिघडले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून लागला की घाटमाथ्यावर जाणाऱ्यांच्या सॅकमध्ये कॅमेरा असतो आणि जुलै संपेपर्यंत त्यातले बरेच कॅमेरे दुरुस्तीच्या दुकानात पोचलेले असतात. दरवर्षी तेच प्रश्न विचारले जातात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून काढली आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढच्या निम्म्या उत्तरांच्या मुळाशी तीच आहे : भिजलेला कॅमेरा पाण्यापेक्षा आपल्या घाईनं जास्त वेळा मरतो.

कॅमेरा धो धो पावसात चिंब भिजला किंवा ओढ्यात पडला. पहिल्या पाच मिनिटांत काय करू?

बंद करा आणि बॅटरी काढा. बाकी सगळं त्यानंतर.

'चालतोय का' हे बघायला पुन्हा चालू करायचा मोह आवरा. पाणी आत गेलं तरी ते वाळू शकतं. पण ओल्या सर्किटमधून वीज वाहिली की शॉर्ट होतो आणि तांब्याच्या बारीक पट्ट्या झपाट्यानं गंजायला लागतात. बटण बंद असलं तरी बॅटरी आत असेपर्यंत काही भागांत वीज असतेच, म्हणून नुसतं बटण बंद करून भागत नाही.

बॅटरीनंतर कार्ड काढा. कोरड्या रुमालानं बाहेरून टिपून घ्या. पुसू नका, टिपा, कारण पुसताना पाणी बटणांच्या फटींत ढकललं जातं. पाऊस चालू असताना लेन्स उघडू नका. देवळाच्या ओवरीत, गुहेत, एखाद्या घराच्या पडवीत, जिथे आडोसा मिळेल तिथे जा आणि कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवून लेन्स काढा. बॅटरीचं, कार्डाचं, केबलचं अशी सगळी झाकणं उघडी ठेवा. घरी आल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरपूर सिलिका जेलबरोबर निदान दोन-तीन दिवस राहू द्या. हेअर ड्रायर, चूल, गाडीचा तापलेला डॅशबोर्ड यांतलं काही नको. उष्णतेनं रबराच्या पट्ट्या आणि गोंद सैल होतात, आणि ड्रायरच्या झोतानं पाणी आणखी आत जातं.

हे मी स्वतःचा कॅमेरा घालवून शिकलो. नाणेघाटात वाऱ्याच्या जोरानं धबधबा उलटा वर उडतो. पाणी वरून येईल अशा बेतानं मी कॅमेरा झाकला होता आणि ते आलं खालून. कॅमेरा बंद पडला नव्हता, स्क्रीन फक्त थोडी लुकलुकली. मी गाडीत बसेपर्यंत तो चार वेळा बंद-चालू करून पाहिला. चौथ्या वेळी तो जो गेला तो गेलाच. दुरुस्ती करणाऱ्यानं उघडून दाखवलं तेव्हा आत पाणी फार नव्हतंच, बोर्डावर एका जागी जळाल्याचा काळा डाग होता.

तांदळाच्या डब्यात ठेवला तर?

नको. तांदूळ ओल शोषतो, पण फार हळू, आणि त्याचं पीठ फटींत जाऊन बसतं. सिलिका जेल हाताशी नसेल तर पंख्याखाली झाकणं उघडी ठेवलेला कॅमेरा तांदळातल्या कॅमेऱ्यापेक्षा बरा वाळतो.

समुद्राची लाट अंगावर आली. तेच उपाय?

बॅटरी काढण्यापर्यंत तेच. पुढे मात्र वाट पाहू नका. खारं पाणी वाळलं तरी मीठ आत राहतं आणि ते हवेतली ओल ओढत राहतं, त्यामुळे गंज आठवडाभरानंतरही वाढत असतो. नुसते थेंब उडाले असतील तर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्यानं दोन-तीनदा टिपा, मग कोरड्यानं. पाणी आत गेलं असेल तर 'वाळला की नेऊ' असं न म्हणता लवकरात लवकर उघडून साफ करणाऱ्याकडे द्या. दिवेआगर-हरिहरेश्वरला चार दिवसांच्या सुट्टीवर असाल आणि दुसऱ्याच दिवशी हे झालं, तर खरं सांगायचं तर कॅमेरा वाचण्याची आशा थोडी आहे. फोटो मात्र वाचतात. कार्ड गोड्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळवा, आणि घरी जाईपर्यंत कशातच घालू नका.

ट्रायपॉड वाळूत उभा केला असेल तर त्याचे पाय त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुवून उघडे करून वाळवा.

माझा कॅमेरा 'वेदर सील्ड' आहे. मग काळजी कशाला?

कारण ते सील म्हणजे झाकणांच्या आणि बटणांच्या कडेनं लावलेल्या रबराच्या पट्ट्या आहेत, पाणबुडीचं आवरण नाही. बहुतेक कंपन्या पाण्यानं झालेला बिघाड वॉरंटीत धरत नाहीत, मग जाहिरातीत पावसाचे थेंब कितीही सुंदर दिसोत. लेन्सच्या माउंटला (ती बॉडीवर बसते त्या कडीला) रबराची कड नसेल तर सील्ड बॉडीचाही उपयोग नाही. झूम करताना लांब होणारी लेन्स हवा आत ओढते आणि त्या हवेबरोबर बाष्पही आत जातं. सह्याद्रीत जुलैचा पाऊस तासन्तास पडतो, आडवा पडतो. साधी जाड प्लॅस्टिकची पिशवी, तिला लेन्सपुरतं भोक आणि लेन्सहूडवर घट्ट रबरबँड, एवढ्यावर मी अनेक पावसाळे काढले आहेत.

कोकणात हॉटेलच्या खोलीतून बाहेर पडलो की लेन्स धुरकट होते. आत पाणी गेलं का?

नाही. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तेच हे. एसीत रात्रभर थंड झालेली काच दमट हवेत आली की तिच्यावर बाष्प जमतं. पुसून उपयोग नाही, पुन्हा येतं. आणि त्या क्षणी लेन्स बदललीत तर तोच दव आतल्या, फोटो टिपणाऱ्या सेन्सरवर बसेल.

उपाय सोपा आहे, फक्त तो अर्धा-पाऊण तास आधी करायचा असतो. खोलीत असतानाच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि पिशवी तशीच बाहेर न्या. दव पिशवीवर जमेल आणि आतला कॅमेरा हळूहळू बाहेरच्या तापमानाला येईल. लडाखला किंवा हिवाळ्यात हिमाचलला हेच उलटं होतं : बाहेर गोठलेला कॅमेरा गरम खोलीत आणला की घाम फुटतो. तिथे पिशवीत बाहेरच बंद करा, मग आत आणा. पिशवीत घालण्याआधी कार्ड काढून घेतलंत तर वाट पाहताना फोटो बघता येतात.

लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय.

बुरशी. मुंबई-कोकणातल्या लेन्सचा हा जुना आजार. अंधार आणि दमट हवा मिळाली की ती वाढते, म्हणून पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत घालून कपाटात ठेवणं हे सगळ्यात वाईट. ट्रेकहून आल्यावर ओली बॅग वेगळी आणि कॅमेरा वेगळा ठेवा. घट्ट डबा, सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रता मोजणारा काटा पुरे आहे. ४० ते ५० टक्के आर्द्रता ठेवा. फार कोरडंही नको, लेन्समधलं वंगण सुकतं. सिलिका जेलचे रंगीत दाणे रंग बदलले की ते गरम करून पुन्हा वापरता येतात. कोवळी बुरशी साफ होते. जुनी बुरशी काचेवरचा लेप खाते आणि तो डाग कायमचा राहतो.

जेजुरीला भंडारा उधळताना फोटो काढायचे आहेत. कॅमेऱ्याचं काय होईल?

सोमवती अमावास्येला गड सोन्याचा होतो तो क्षण पाहण्यासारखा असतो, आणि तीच हळद कॅमेऱ्यात वर्षभर सापडत राहते. भंडारा धुळीपेक्षा बारीक असतो, रंग सोडतो आणि ओल लागली की त्याचा लेप होतो. म्हणून तिथे लेन्स बदलायची नाही, एकदाही नाही. जी लावायची ती खालच्या गावातच लावून, वर साधा फिल्टर चढवून, पिशवीत गुंडाळून मग पायऱ्या चढा. झूम लेन्सपेक्षा ठरावीक फोकल लेंग्थची लेन्स बरी, तिची नळी सहसा आत-बाहेर होत नाही.

परतल्यावर क्रम महत्त्वाचा : आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश, सगळ्यात शेवटी फडकं. उलटं केलंत तर हळद घासली जाते. तोंडानं फुंकर मारू नका. थुंकीचे कण उडतात आणि हळदीला ओल मिळाली की ती चिकटते. विसर्जन मिरवणुकीतल्या गुलालाला हेच लागू.

मिरवणुकीत लेझरचे झोत होते. त्यानंतर फोटोत एक सरळ रेघ येते.

लेझर थेट लेन्समध्ये गेला असेल तर सेन्सरचे पिक्सेल जळाले आहेत. हे साफसफाईनं जात नाही, सेन्सरच बदलावा लागतो. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याला आणि मोबाइलला धोका जास्त, कारण त्यांचा सेन्सर सतत उघडा असतो. लेझर गर्दीवर फिरत असेल तर कॅमेरा खाली करा, आणि स्वतःचे डोळेही वळवा. तो फोटो गेला तरी चालेल, डोळे परत मिळत नाहीत.

कॅमेरा पडला, पुढचा फिल्टर फुटला. आता तो निघतही नाही.

आधी कॅमेरा उलटा धरून काचेचे तुकडे ब्लोअरनं झाडा, मगच फिल्टर फिरवा. नाहीतर तेच तुकडे लेन्सवर चरा पाडतात. कडा वाकली असेल तर फिल्टरभोवती एक-दोन रुंद रबरबँड गुंडाळून हलक्या हातानं फिरवा. जोरानं दाबून धरलं की गोल कडा लंबगोल होते आणि आणखी घट्ट बसते. निघालाच नाही तर पक्कड लावू नका, दुकानात द्या.

पडल्यानंतर कॅनॉनवर 'एरर ०१' आला तर लेन्स आणि बॉडी यांच्यातला संपर्क तुटलेला आहे. लेन्स काढून मागचे सोनेरी ठिपके कोरड्या स्वच्छ फडक्यानं पुसा आणि पुन्हा बसवा. 'एरर ०२' कार्डाचा असतो. मोठ्या बिघाडाच्या धास्तीनं ट्रेक अर्धवट सोडण्याआधी एवढं करून बघावं.

धुक्यातले माझे सगळे फोटो मातकट, राखाडी येतात.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण यात कॅमेऱ्याचा काहीच दोष नसतो आणि उपाय बोटाच्या एका हालचालीत असतो.

कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर असं धरून चालतं की समोर जे आहे ते सरासरीनं मध्यम राखाडी आहे. त्याला पांढरं म्हणजे काय ते कळत नाही. राजमाचीवर पांढरंशुभ्र धुकं भरून आलं की मीटर म्हणतं, 'उजेड फार झाला', आणि फोटो गडद करतं. तुम्ही त्याला सांगायचं असतं की हे पांढरंच आहे. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय, अधिक १ करा. बर्फावर अधिक १.५ ते २ लागतं. उलट, पावसानं भिजलेला काळाकभिन्न बेसाल्टचा कडा चौकटभर असेल तर मीटर त्याला उजळ करायला जातं आणि कडा फिकट राखाडी दिसतो. तिथे उणे १.

स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. धुक्याच्या अंधुक उजेडात स्क्रीन नेहमी झगझगीत दिसते. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग दाखवणारा आलेख, बघा. धुक्याचा डोंगर उजवीकडे असायला हवा, पण उजव्या भिंतीला चिकटलेला नको.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर कधी इंद्रवज्र (धुक्यावर उमटणारं गोल इंद्रधनुष्य) दिसलं, पाठीशी सकाळचं ऊन आणि समोर दरीत धुकं, तर हेच करा. अधिक अर्धा ते पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), आणि दोन-तीन वेगवेगळे फोटो पटापट. ते फार वेळ थांबत नाही.

धबधबा पांढराफटक होतो, पाण्याचे पदरच दिसत नाहीत.

कारण भोवतीचा काळा कातळ मीटरला फसवतो. उजेड पाण्यासाठी ठरवा, कातळासाठी नाही. उणे दोन तृतीयांश ते उणे १ करा आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा. सावलीतला कातळ नंतर उजळता येतो. जे पांढरं पूर्ण जळालं त्यात परत आणण्यासारखं काही उरत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत जळालेला भाग लुकलुकवणारी सोय असते, ती पावसाळाभर चालू ठेवा. पोलरायझर फिल्टर लावलात तर ओल्या पानांची चकाकी जाते आणि हिरवा रंग भरून येतो, पण तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो हे लक्षात असू द्या. अंधारल्या जंगलात हात हलून फोटो धूसर आला तर बऱ्याचदा दोष त्याचाच असतो.

वारीत वारकऱ्यांचे चेहरे काळे येतात.

पांढरं धोतर, पांढरी टोपी, वर पांढरं ढगाळ आभाळ आणि मध्ये उन्हानं रापलेला चेहरा. मीटर तीन पांढऱ्यांचं ऐकतं आणि चेहऱ्याला विसरतं. तुम्ही चेहऱ्याची बाजू घ्या. स्पॉट मीटरिंग (एका ठिपक्यापुरता उजेड मोजणं) चेहऱ्यावर ठेवा किंवा सरळ अधिक १ करा. आभाळ जळालं तर जळू द्या, वारीच्या फोटोत आभाळ बघायला कोणी थांबत नाही. शक्य असेल तर चौकटीतून आभाळ कापा आणि पालखीमागची हिरवी शेतं घ्या. रिंगणात अश्व धावताना मात्र ही फेरफार करायला वेळ नसतो, म्हणून आधीच मॅन्युअलवर ठरवून ठेवा : १/१००० सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) ऑटो.

कास पठारावरच्या तेरड्याचा रंग फोटोत सपाट गुलाबी डाग होतो.

नेहमीचा हिस्टोग्राम ठीक दिसतो, पण लाल रंगाचा वेगळा आलेख उघडलात तर तो उजव्या भिंतीला धडकलेला असतो. एकच रंग जळाला आहे. उणे अर्धा स्टॉप करा, पाकळ्यांच्या शिरा परत दिसतील.

कालपर्यंत चांगले येत होते. आज अचानक सगळे फोटो ओव्हर, म्हणजे फार उजळ, येतात. कॅमेरा बिघडला?

आधी स्वतःच्या सॅकवर संशय घ्या. बॅगेत घासून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची चकती फिरलेली असते, आयएसओ काल रात्रीच्या ३२०० वरच अडकलेला असतो, किंवा मीटरिंग स्पॉटवर राहिलेलं असतं. या तीन गोष्टी बघितल्या की बहुतेक वेळा प्रश्न तिथेच सुटतो.

नाही सुटला तर ही परीक्षा घ्या. एकसारखा उजेड असलेली भिंत निवडा. मॅन्युअलवर, आयएसओ न बदलता, तीन फोटो काढा (एफचा आकडा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या उजेड सोडणाऱ्या भोकाचा, आणि पुढचा शटरच्या वेगाचा) : एफ/५.६ ला १/५००, एफ/११ ला १/१२५, एफ/२२ ला १/३०. तिन्हीत उजेड सारखाच पोचतो, म्हणून तिन्ही फोटो सारखेच दिसायला हवेत. एफ/११ आणि एफ/२२ चे फोटो चढत्या क्रमानं उजळ होत गेले तर लेन्सचं अ‍ॅपर्चर बंदच होत नाही. पाती तेलानं किंवा ओलीनं चिकटलेली आहेत. डीएसएलआरच्या (आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या) व्ह्यूफाइंडरमधून हे कळत नाही, कारण तिथून बघताना अ‍ॅपर्चर नेहमी उघडंच असतं, क्लिकच्या क्षणी ते मिटतं. अशी लेन्स उरलेल्या प्रवासात सगळ्यात मोठ्या अ‍ॅपर्चरवर वापरा, फोटो बरोबर येतील.

गडबड फक्त वेगवान शटरलाच होत असेल, वर किंवा खाली काळी पट्टी येत असेल, तर शटरचा पडदा अडकतोय. फ्लॅश लावला असेल तर मात्र आधी वेग १/२०० च्या खाली आणा, तो पट्टा बिघाडाचा नसतो. आणि धर्मशाळेतल्या एलईडी दिव्याखाली आडव्या पट्ट्या दिसल्या तर इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून १/५० किंवा १/१०० वर काढा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्या वेगांशी ती जुळते.

काजव्यांचे फोटो का येत नाहीत?

भंडारदरा-पुरुषवाडीला मेअखेर ते पहिला जोरदार पाऊस, हा त्यांचा काळ. ट्रायपॉड, एफ/२.८ किंवा त्याहून मोठं अ‍ॅपर्चर, आयएसओ ८०० ते १६००, २०-२५ सेकंद, आणि असे अनेक फोटो नंतर एकावर एक जोडायचे. फोकस उजेड असतानाच झाडावर बांधून ठेवा. फ्लॅश आणि टॉर्च अजिबात नको. काजव्यांचं लुकलुकणं हे जोडीदाराला घातलेलं बोलावणं आहे. तुमच्या टॉर्चनं ते बुडतं, आणि शेजारी बसलेल्या दहा जणांचे फोटोही जातात.

अजिंठ्याच्या लेण्यांत?

फ्लॅशला बंदी आहे, आणि ती योग्य आहे. आयएसओ ३२०० पर्यंत निर्धास्त न्या, खांबाला न टेकता कोपर छातीशी घट्ट धरा, तीन-चार फोटो सलग घ्या. एखादा हमखास स्थिर निघतो.

कार्ड वाचत नाही. फोटो गेले का?

बहुधा नाही. त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका आणि 'फॉरमॅट करू का' असं कॅमेऱ्यानं विचारलं तर नाही म्हणा. घरी फोटोरेकसारख्या मोफत प्रोग्रॅमनं पुष्कळ काही परत मिळतं. प्रवासात रोज रात्री फोटोंची दुसरी प्रत काढा आणि ती वेगळ्या बॅगेत ठेवा.

मोबाइल आयपी६८ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) आहे, पावसात वापरू ना?

वापरा, पण समुद्रात नको. ती चाचणी गोड्या पाण्यातली असते. आणि चार्जिंगचं भोक पूर्ण वाळल्याशिवाय केबल लावू नका. धुक्यात फोटो काढताना स्क्रीनवर बोट दाबून धरा आणि उजेडाची सरकपट्टी थोडी वर न्या, कॅमेऱ्यातल्या अधिक १ चं काम तीच करते.

दुरुस्तीला देताना काय लक्षात ठेवू?

बिल आणि सिरियल नंबरचा फोटो निघण्याआधीच स्वतःला मेल करून ठेवा. विमा असेल तर उघडायला देण्याआधी विमा कंपनीला कळवा. खर्चाचा अंदाज लेखी घ्या, आणि तो नव्या बॉडीच्या निम्म्यावर जात असेल तर मी दुरुस्ती करत नाही. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजाराच्या भागात जुने कारागीर आहेत, दोघांना दाखवून मग ठरवा.

आणि दुकानात खरं सांगा. पाणी गोडं होतं की खारं, किती वेळ आत होतं, त्यानंतर किती वेळा चालू करून पाहिलंत. उघडणाऱ्याला कुठून सुरुवात करायची ते यावरूनच कळतं.